उजव्या पायाचा प्रबंध

१ मार्च, सकाळी ७.४०
वजन ७१. दहा आठवड्यांत तेरा किलो गेले. उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा आणि निव्वळ चारित्र्य.

आज खुर्चीत बसल्याबसल्या उजवा पाय डाव्या पायावर टाकून पाहिला आणि तो चक्क गेला. बावीस वर्षांनी. इतकी वर्षं मधे मांडी आडवी येत होती. आरशात पाहिलं. विचारवंत दिसतो.

प्रबंधाची नोंदणी ३१ मे रोजी संध्याकाळी पाचला रद्द होणार. अकरा वर्षं झाली, पाच मुदतवाढी झाल्या. विद्यापीठातल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, सहावी मिळणार नाही. त्या जूनमध्ये रिटायर होतायत आणि माझी फाइल दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधून जाणं त्यांच्या मनाला पटत नाही.

घाबरायचं कारण नाही. पाचपैकी फक्त तीन प्रकरणं राहिलीत. आमच्या बॅचमधल्या चाळीसपैकी एकोणचाळीस जणांचं नाव जर्नलमध्ये छापून आलंय. (त्यातल्या एकाचं निधनवार्तेत. पण आलंय.) चाळिसावा मी. यंदा माझंही येणार.

संकल्प: रोज सहा तास खुर्चीत. पायावर पाय.

३ मार्च
मुखपृष्ठ पुन्हा टाइप केलं. अक्षरांचा आकार वाढवला. अर्पणपत्रिकेचे चार मसुदे केले. पहिला दिवस म्हणून एवढं पुरे.

बायकोने विषय पुन्हा विचारला. ती टेलिफोन खात्यात केबल जोडणाऱ्यांची सुपरवायझर आहे, म्हणून तिला समजेल असं सांगितलं. मज्जातंतू म्हणजे लांबच लांब बारीक दोरा. त्याच्यावर ओळीने पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येक पेशी आपल्या वाट्याच्या तुकड्याभोवती स्वतःला गुंडाळून घेते, वळकटीसारखी. त्या गुंडाळीमुळे संदेश झपाझप पळतो. ती म्हणाली, म्हणजे वायरीवरचं कव्हर. अकरा वर्षं सांगतोय, कव्हर नव्हे! कव्हर मेलेलं असतं. या पेशी जिवंत आहेत. दोरा त्यांना सांगतो किती वेढे घ्यायचे, त्या दोऱ्याला खाऊपिऊ घालतात, दोघांचं अखंड बोलणं चालू असतं. बायको म्हणाली, मग त्यांनाच विचारा प्रबंध कधी होणार ते.

९ मार्च
सलग सहा तास बसलो. उठताना उजव्या पायाला मुंग्या आल्या, वीस मिनिटं गेल्या नाहीत. एकाग्रता वाढल्याचं लक्षण. लिहून झालं: अर्धं पान. पण घट्ट.

१४ मार्च, दुपारी
कॉलेजच्या जिन्यात अडखळलो. फर्स्ट इयरची अख्खी बॅच समोर. मी खाली पडलेला खडू शोधत असल्याचं दाखवलं. खडू नव्हता. एका मुलीने आपल्याजवळचा दिला.

दोष बुटाचा आहे. आहारामुळे पावलंही बारीक झाली असणार.

स्लाइडसाठी पातळ काप काढणाऱ्या मामांनी (सगळं डिपार्टमेंट त्यांना मामाच म्हणतं) विचारलं, सर, हल्ली तुमच्याबरोबर कोण येतं? कॉरिडॉरमधून दोन माणसं आल्यासारखी वाटतात, एक चालतो आणि एक चपला आपटतो. मामा तीस वर्षं त्या काप काढायच्या यंत्रावर, मायक्रोटोमवर, बसून कानाने अधू झालेत, त्यामुळे लक्ष दिलं नाही.

१५ मार्च, सकाळी
नवे बूट घेतले. तोच प्रकार. बूट काढून पाहिलं. चवडा वर उचलतच नाही! टाच टेकली की पाऊल थप्पकन पडतं. पावलाची वरची बाजू बधिर. बायकोच्या स्वेटरची सुई टोचून पाहिली. पाऊल दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

सकाळी ११
गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो, तिथे बोट दाबलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथूनच ती नस हाडाला वळसा घालून जाते, अगदी कातडीलगत. वर चरबीची गादी असते. माझी गादी आहारात गेली. पायावर पाय टाकला की ती नस दोन हाडांच्या मधे.

हे मी दर वर्षी शिकवतो! फळ्यावर रंगीत खडूने काढतो!

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. माझा विषय माझ्याच पायात चालू आहे. दोरा शाबूत आहे, फक्त वळकट्या चिरडल्यात. पेशी आता चेंदामेंदा झालेलं मायलिन (वळकटीचं कापड म्हणा) आवरतील, नव्याने वेढे घेतील. पुस्तकात सहा आठवडे दिलेत. म्हणजे २६ एप्रिलला पाऊल उचललं जाईल. पाचव्या प्रकरणाला मसाला सापडत नव्हता, तो घरी चालत आला. म्हणजे लंगडत.

प्रकरण पाचवे: ‘जिवंत व्यक्तीतील पुनर्वेष्टनाचे प्रत्यक्ष निरीक्षण’. जगात कुणी केलं नसेल. माझे गाइड एक्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, कोण बोलतंय. मग म्हणाले, उत्तम. परवानगी मिळाली.

१७ मार्च
बायको म्हणते, टॉपरला दाखवा. टॉपर म्हणजे माझा बेंचमित्र. पहिला आला, नसांचा डॉक्टर झाला, आणि कॉलेजसमोरच्या इमारतीत नसा तपासायचं मशीन घेऊन बसलाय. त्याचं नाव एकशे सहा वेळा छापून आलंय. मी मोजत नाही, त्याच्या वेटिंग रूममध्ये फ्रेम आहे.

जाणार नाही. कारण एक: निदान मी केलेलं आहे. कारण दोन: तो हसेल. कारण तीन: तो हसणार नाही.

बायको म्हणाली, बरं, निदान पाय खाली ठेवून बसा. डाव्यावर उजवा टाकायचा नाही, असं वचन दिलं. दोन्ही पाय जमिनीला टेकवून तासभर बसलो. एक वाक्य सुचलं नाही. मग उजव्यावर डावा टाकून पाहिला. दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं वाटलं. शेवटी जुनीच पद्धत. शास्त्रासाठी.

१८ मार्च
मोजमाप सुरू. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक सापडला (मुलगी नोकरीला परगावी गेली, पेटी राहिली). चवडा किती अंश उचलला जातो ते रोज सकाळी लिहायचं. आज: ०. हाताने धरून उचलल्यास: १५. दोन्ही आकडे तक्त्यात घेतले.

२८ मार्च, सकाळी ६.५०
४ अंश! हात न लावता!

बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. तिने डोळे चोळून पाहिलं आणि खरंच हसली, आणि माझं पाऊल दोन्ही हातांत धरून बसली. म्हणाली, आता जपा. मी म्हटलं, जपणार काय, नोंदवणार! पेशींनी काम हातात घेतलंय. त्या आनंदात सलग सात तास बसून हे सगळं लिहून काढलं. चहाला उठलो नाही. पायावर पाय.

३० मार्च
२ अंश. मापनातली चूक. कोनमापक घासून काढला.

१ एप्रिल
०. आजची तारीख पाहून कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. पण पाय माझाच.

चिंतेचं कारण नाही. निसर्ग सरळ रेषेत चालत नाही. याला मी ‘दृढीकरणाचा काळ’ असं नाव दिलंय. प्रकरणात दोन पानं वाढली.

५ एप्रिल
बायकोने पट्टा बनवला. केबल बांधायचं रुंद इलॅस्टिक, एक टोक बुटाच्या नाडीला, दुसरं पोटरीवर. चालताना पाऊल आपोआप वर ओढलं जातं. घरभर फिरलो, एकदाही थप्प नाही. मी आभार मानले नाहीत. मानले असते तर तिने फार मनावर घेतलं असतं.

एक शास्त्रीय हरकत मात्र घेतली. पट्टा गुडघ्याखाली बांधणं जास्त सोयीचं होतं, तो इतका खाली कशाला? ती म्हणाली, तिथे तुमची वायर वळण घेते ना. केबल खांबाला जिथे वळसा घालते तिथे आम्ही कधी आवळत नाही. शरीररचनाशास्त्राचा गंध नसताना माणूस किती आत्मविश्वासाने बोलतो!

१२ एप्रिल
वर्गात मज्जातंतू शिकवले. वेढे घेणाऱ्या पेशींना श्वान या शास्त्रज्ञाचं नाव आहे. उत्तरपत्रिकांत दर वर्षी एकजण तरी श्वान पेशी म्हणजे कुत्र्यात सापडणारी पेशी असं लिहितो, म्हणून सुरुवातीलाच ताकीद दिली. एका पेशीच्या वाट्याला जाड दोऱ्याचा एकच तुकडा, पूर्ण वेढे. बारीक दोऱ्यांना वेढे नाहीत, एकच पेशी पाच-दहा जणांना कवेत घेऊन बसते, डबलसीटच्या गाडीवर कुटुंब बसतं तसं. पोरं हसली. मी फॉर्मात होतो.

खडू देणाऱ्या मुलीने हात वर केला. विचारलं, सर, त्याच जागी रोज दाब पडत राहिला तर पेशी किती दिवस पुन्हापुन्हा गुंडाळत बसतील? मी चाळीस मिनिटं उत्तर दिलं. शेवटी ती म्हणाली, सर, म्हणजे किती दिवस? बेल झाली.

२६ एप्रिल, सकाळी ६
आजचा दिवस. पडदा उघडला, खुर्चीत बसलो, कोनमापक लावला.

०.

सकाळी ६.१५
०.

सकाळी ९
मूळ पुस्तक लायब्ररीतून मागवलं. माझ्याकडे फक्त उजव्या पानाचा फोटो होता. वाक्य डाव्या पानावर सुरू होतं. ‘दाब पूर्णपणे थांबल्याच्या दिवसापासून’, आणि मग उजव्या पानावर, ‘सहा आठवड्यांत’.

वाक्य अशा ठिकाणी दोन पानांत तोडणं हा प्रकाशकाचा निष्काळजीपणा आहे.

दुपारी
शांत डोक्याने विचार केला. आज दाब थांबवला तर सहा आठवडे म्हणजे ७ जून. मुदत ३१ मे. पाय बरा होईल पण प्रबंध जाईल. दाब नाही थांबवला तर निदान लिहिता येईल. आणि पाय खाली ठेवून मला बरं होण्याबद्दल लिहिताच येत नाही, त्याला मी काय करू? निर्णय: आधी लिहायचं, मग बरं व्हायचं. तक्त्यात मे महिन्याचे आकडे ‘अपेक्षित’ म्हणून टाकले. अखेरचा: १८ अंश. आकडा बघूनच पायात बळ आल्यासारखं वाटलं.

१० मे, सकाळी
बायको कामाचं ओळखपत्र विसरली म्हणून परत आली. मी लिहीत होतो. तिने पाय पाहिले. हत्यारांची पेटी आणली आणि माझ्या खुर्चीचे चारही पाय काढून आपल्या बॅगेत घातले. लॅपटॉप उचलून ओट्यावर ठेवला. म्हणाली, आता उभं राहून लिहा.

मी म्हटलं, अकरा वर्षांची मेहनत आहे, एकवीस दिवस राहिलेत, जरा समजून घे. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण धोंडा रोज मोजून तक्ता करणारा हा पहिलाच. मला प्रबंध नको. मला तुमच्याबरोबर बाजारात चालत जायचंय.

मला फार वाईट वाटलं. इतकं, की ओट्याशी उभं राहून दोन वाक्यं लिहिली, खरंच.

मग कॉलेजमध्ये गेलो. तिथली खुर्ची सरकारी आहे, तिला हात लावायची कुणाची छाती नाही.

२६ मे
झालं! पाचही प्रकरणं. एकशे चौऱ्याण्णव पानं. निष्कर्ष: ‘आवरणपेशींनी पूर्ण पुनर्वेष्टन केले असून रुग्ण सामान्यपणे चालू लागला आहे.’ मामा वाचून म्हणाले, हा रुग्ण कोण, भाग्यवान दिसतो. त्याच वेळी मी कपाटाकडे गेलो आणि थप्प झालं. मामांनी मान खाली घालून ब्लेडला धार लावायला घेतली.

२७ मे, सकाळी १०.३०
खिडकीतल्या बाईंनी प्रबंध तराजूत घालावा तसा हातावर तोलला, आणि पाचवं प्रकरण उघडलं. म्हणाल्या, जिवंत माणसावरचं संशोधन. माणसाची संमती? मी तिथल्या तिथे दिली. मग म्हणाल्या, स्वतंत्र तज्ज्ञाचा तपासणी अहवाल? नियम सत्तावीस. मान्यताप्राप्त यादी त्यांनी काचेतून दाखवली. यादीत एकच नाव होतं.

टॉपर.

२८ मे, दुपारी १२
टॉपरने मला आधी घेतलं, बाहेर नऊजण बसलेले असताना. हसला नाही. कारण तीन खरं ठरलं.

पायाला वायरी चिकटवल्या, विजेचे झटके दिले. गुडघ्याच्या वर दिले तर पडद्यावर सपाट रेघ. खाली दिले तरी सपाट. सपाट रेघेचा अर्थ मी विद्यार्थ्यांना शिकवतो. मग नडगीच्या स्नायूत सुई घातली. निरोगी स्नायू स्वस्थ असला की मशीन गप्प असतं. माझ्या स्नायूतून टिपटिप टिपटिप आवाज येत राहिला, बऱ्याच दिवसांत कुणी न आलेल्या घरातल्या नळासारखा.

टॉपरने विचारलं, मधे कधी सुधारलं होतं का? मी म्हटलं, २८ मार्चला, चार अंश. त्याने मशीनचा आवाज बंद केला. म्हणाला, लेका, तेव्हा नुसत्या वळकट्या चिरडल्या होत्या रे. त्या बिचाऱ्या पुन्हा गुंडाळायला लागल्याही होत्या. तू रोज सहा तास त्यांच्या उरावर बसलास. आता आतला दोराच तुटलाय. तुझ्या पेशींनी आपलं सगळं मायलिन मोडून टाकलंय, मोडतोड साफ केलीय आणि रिकाम्या रांगा लावून दोऱ्याची वाट बघत उभ्या आहेत. दोरा वरून वाढत येईल. रोज एक मिलिमीटर. नडगीच्या स्नायूला चार-पाच महिने, पावलाच्या बधिर कातडीला वर्ष. तेही तू पाय खाली ठेवलास तर.

हे सगळं मला माहीत आहे. दुसऱ्या प्रकरणात, पान ६१ वर आहे. माझ्याबद्दल असेल असं वाटलं नव्हतं.

अहवालात थोडं सौम्य लिहायला सांगितलं. तो म्हणाला, जे दिसलं ते लिहिणार. आणि मला जिन्यापर्यंत हात धरून सोडायला आला. हे फार झोंबलं.

३१ मे, संध्याकाळी ५.०२
पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष आणि अहवाल एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. बाई म्हणाल्या, चार प्रकरणांचा प्रबंध होत नाही. खिडकी बंद झाली. नोंदणी रद्द.

बायको बाहेर उभी होती. घरापर्यंत चालत आलो, पट्टा बांधून. वाटेत तिने चाल माझ्या चालीला जुळवून घेतली होती, हे मला कळत होतं.

१८ जून, सकाळी
आज पाऊस नाही, ऊन नाही, पण दिवस सोन्याचा. टॉपर घरी आला. म्हणाला, तुझी केस अप्रतिम आहे, मला जर्नलला पाठवायचीय. केस! जर्नल! मी संमतीपत्रावर न वाचता सही केली. अशा वेळी वाचत बसणं कोतेपणाचं दिसतं.

चाळिसावं नाव येणार.

२ जुलै
टॉपरला मजकुरात एकेचाळीस दुरुस्त्या सुचवल्या. चर्चेचा भाग मीच लिहून पाठवला, नऊ पानं. लेखकांच्या क्रमाबद्दल खूप विचार केला. शेवटी मन मोठं केलं: पहिला तो, दुसरा मी. मशीन त्याचं आहे. फोटोसाठी पायाचे केस नीट विंचरून घेतले. टॉपरने फोनवर दुरुस्त्यांबद्दल आभार मानले आणि बायकोला बोलवायला सांगितलं. पट्टा कसा बनवला ते विचारत होता. पाऊण तास बोलले. मी शेजारी उभा होतो. उभं राहणं आता जमतं.

१९ ऑगस्ट, दुपारी ४
जर्नल आलं.

दोन पानं. वर फोटो: उजवा पाय, गुडघ्याच्या खालचा. बायकोने लगेच ओळखला. पहिलं वाक्य: ‘५४ वर्षांचा पुरुष, व्यवसायाने शिक्षक, उजवे पाऊल उचलता येत नसल्याच्या तक्रारीने उशिरा आला.’ पुढे: ‘पायावर पाय टाकून बसण्याची सवय सोडण्याचा सल्ला घरच्यांनी वारंवार देऊनही रुग्णाने तो मानला नाही.’ लेखक एकच. टॉपर. एकशे सात.

फोन केला. तो म्हणाला, अरे रुग्णाचं नाव छापत नाहीत, कायदा आहे, तू सही केलीयस. माझी नऊ पानं? जागा नव्हती म्हणाला. दुरुस्त्यांपैकी एक स्वल्पविराम घेतलाय.

मग दुसरं पान उलटलं. शेवटी आभार. ‘नस न दाबता पाऊल उचलून धरणारा पट्टा स्वतः तयार करून दिल्याबद्दल’, आणि पुढे बायकोचं नाव. आडनावासकट. ठळक अक्षरांत. तिने चष्मा लावून ते तीन वेळा वाचलं आणि मग मुलीला फोन लावायला आत गेली. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू. घरात छापून येणारं पहिलं नाव तिचं.

तिच्या नावात मधलं नाव माझं आहे. या जर्नलच्या पद्धतीप्रमाणे मधल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर छापतात.

अक्षर बरोबर आहे.